नकाशातली हिरवी घळ

"थांब, थांब! मागचा फोटो दाखव!" ताई ओरडली.

लंबूनं मामाच्या टॅबवर बोट उलटं फिरवलं. घळीतल्या सगळ्या खुणांच्या फोटोंत एकच वाकडं झाड होतं! कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं, पण तेच.

"मामा एकाच जागी गोल गोल फिरला की काय?" धाकटी टिकली म्हणाली. लंबू खो खो हसला. ताईला मात्र हसू येईना.

सुट्टीत ताई आणि टिकली बाबांच्या वनचौकीवर आल्या होत्या, शेजारच्या लंबूला घेऊन. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या नकाशात ओलं रान हिरव्या रंगात होतं, वाळकं पिवळ्या. नकाशातल्या प्रत्येक खुणेपाशी चालत जाऊन, फोटो काढून ते खरं आहे का, हे पाहायचं काम मामाचं. घळ हिरवीगार दाखवली होती. वणवा भडकू नये म्हणून उद्या उतारावरचं गवत मुद्दाम जाळणार होते. ओल्या घळीशी आग विझेल, या भरवशावर बाबांची तुकडी तिच्या काठावर उभी राहणार होती.

"चला, बघूनच येऊ," ताई म्हणाली.

वरून झाडं खरंच हिरवी होती. पण खाली उतरताच लंबू गुडघाभर पाचोळ्यात रुतला. झुडपं वाळून कडकडीत झाली होती. उपग्रहाला फक्त वरचे शेंडे दिसले होते!

"बाबा इथं उभे राहणार?" टिकलीनं ताईचा हात घट्ट धरला. "पण आपण सांगितलं, तर मामाला बोलणी बसतील ना?"

"बसू देत," ताई म्हणाली. तिला मामा फार आवडायचा, तरी तिनं बरोबर आणलेल्या गोणीत पाचोळा भरला.

चौकीत अधिकारी बाई, बाबा आणि मामा नकाशा पसरून बसले होते.

"घळ वाळलेली आहे!" ताईनं धापा टाकत सांगितलं.

"काहीतरीच! मी स्वतः प्रत्येक खुणेपाशी उतरलोय," मामा म्हणाला.

"मग तो लाकडी पूल पाहिलात ना, मामा?" लंबूनं साळसूदपणे विचारलं. "काय डुगडुगतो!"

"तर! जीव मुठीत धरून ओलांडला."

"तिथं पूलच नाहीये!" टिकली ओरडली. ताईनं पाचोळ्यानं भरलेली गोणी नकाशावर उपडी केली.

मामाचा चेहरा पडला. "वरूनच पाहिलं मी, फोटोही तिथूनच काढले. हिरवं दिसलं, म्हटलं बरोबर असेल."

बाई उठल्या. "उद्याचं काम रद्द! घळ साफ झाल्याशिवाय कुणी काडी लावायची नाही. शाबास मुलांनो! नकाशा खरा तपासलात तो तुम्ही."

"भावजी, चुकलं माझं," मामा म्हणाला.

"सकाळी माझ्याबरोबर चल. एकेक खूण पायी," बाबा एवढंच म्हणाले.

इतका वेळ धीरानं उभ्या असलेल्या ताईला आता रडू फुटलं. बाबांनी तिला जवळ घेतलं.

"आग अंगावर आलीच, तर सगळे घळीत शिरा," ते हळूच म्हणाले, "असं मी माझ्या माणसांना बजावून ठेवलं होतं गं."