खारूच्या लग्नाचे फोटो

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्याभोवती सगळं घर दाटीवाटीनं उभं होतं. पण हसायला पहिली सुरुवात कुणी केली, हे मागाहून कुणालाच सांगता आलं नाही. बहुधा खारूनंच केली असावी. लग्न तिचं होतं आणि हे फोटोही तिच्याच हट्टापायी काढलेले होते. लहानपणी तोंडात खाऊ कोंबून, गाल फुगवून बसायची म्हणून आत्यानं तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. आता ती नोकरीला लागली, लग्नाला आली, तरी घरात तिची खारूच राहिली होती. "माझ्या लग्नाचे फोटो आत्याच काढणार," असं तिनं जाहीर केलं तेव्हा तिचे बाबा म्हणाले होते, आधी एक चाचणी घेऊ. म्हणून आत्यानं सकाळी सगळ्यांना गॅलरीत उभं करून एकेकट्याचे आणि एकत्र असे बरेच फोटो काढले... आणि आता त्या फोटोंत जो तो छाती फुगवून, खांदे पुढे काढून, डोळे वटारून उभा होता.

"बाबा, तुम्ही पाण्यात बुडी मारायला निघाल्यासारखे दिसताय."

"मी काय करू? तुझी आत्या म्हणाली, श्वास रोखा. रोखला. सोडा म्हणायचं ती विसरली," बाबा म्हणाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

खरंच होतं ते. आत्याची सारी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात गेली होती. त्या गार, अंधारलेल्या खोलीत येईल त्या माणसाला ती सांगायची, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा... फासळ्या, मणके, मोडलेली मनगटं, माणसाच्या आतलं बहुतेक सगळं तिनं पाहिलं होतं. चेहरा तेवढा कधी टिपला नव्हता. निवृत्त झाल्यावर तिनं कॅमेरा घेतला आणि गेलं वर्षभर कबुतरं, गच्चीवरच्या टाक्या, दुकानं उघडणारे दुकानदार असे वाटेल ते फोटो काढत ती हिंडत होती. पण लग्न? लग्नाचा एकही फोटो तिनं आजवर काढलेला नव्हता.

आत्याही हसत होती. स्वतःच्या फजितीवर पोटभर हसणाऱ्या माणसांपैकी ती एक होती. पण हसता हसता तिची नजर भावजयीकडे गेली आणि हसू ओठांवरच थबकलं. भावजय हसत नव्हती. ती फोटोंकडे बघतही नव्हती. ती एकटक आत्याकडे बघत होती. मग तिनं लॅपटॉपचं झाकण हलकेच मिटलं आणि नवऱ्याला म्हणाली,

"वन्संना हे काम नको. तुम्ही आधी बघून ठेवलेल्या त्या स्टुडिओवाल्यालाच सांगा."

खारू काही बोलणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "बरोबर आहे तिचं. लग्न काय पुन्हा पुन्हा होतं? मी काय शिकायचं ते कबुतरांवर शिकेन." हे ती इतक्या सहज बोलली की भावाला वाटलं, चला, प्रश्न मिटला.

"मग उद्या त्याला जाऊन पक्कं करायला हवं," तो म्हणाला. "मला ऑफिसातून निघता येणार नाही... ताई, तू करशील ना?"

"करीन की," आत्या म्हणाली.

ताई करेल... हे शब्द त्या घरात फार जुने होते. वडील अवेळी गेले तेव्हा आई पहिल्यांदा ते म्हणाली होती आणि आत्यानं कॉलेज सोडून, शिकता शिकता थोडा पगार मिळतो म्हणून, एक्स-रेचं शिक्षण घेतलं होतं. भाऊ शिकला. मध्यंतरी एक सज्जन माणूस तिच्यासाठी काही काळ थांबला होता. पण भावाची परीक्षा, मग आईचं आजारपण, मग भावाचं लग्न, असं एकामागून एक येत गेलं आणि तो थांबून थांबून निघून गेला. आत्यानं ह्याचं कधी भांडवल केलं नाही. आपण त्याग बिग केला असं तिला वाटतही नसे. समोर काम दिसलं, ते केलं, एवढंच. भावजय आली, तिनं पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायचा व्यवसाय मांडला, आणि खारूला न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं हे आत्याच्या वाट्याला आलं. दोघी बायका एका घरात इतकी वर्षं राहिल्या. कधी भांडल्या नाहीत, पण कधी मोकळेपणानं बोलल्याही नाहीत. 'हिला माझं ह्या घरात असणं फार आवडत नसावं,' अशी एक शंका आत्याच्या अंतःकरणात कुठेतरी खोल बसून होती. आज ती शंका हलली, उठली आणि समोर येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहानंतर आत्या आवरत असताना खारू आत आली आणि पलंगावर फतकल मारून बसली.

"तू बोलत का नाहीस काही? आईला सांग ना."

"काय सांगू?"

"की तुला काढायचेत फोटो."

"मला काय, कुणीही काढले तरी चालतील."

"खोटं बोलतेस."

"तुझ्यापेक्षा जास्त वर्षं बोलतेय. जमतं मला," आत्या म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

स्टुडिओवाला दाढी राखलेला, नम्र, कामात बुडालेला माणूस होता. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली आणि त्याच्या कामाचे अल्बम समोर ठेवले. फोटो उत्तम होते. एकाही माणसानं श्वास रोखलेला नव्हता. ह्या माणसाच्या हाती खारूचं लग्न सुरक्षित राहील, ह्याबद्दल आत्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

"घरातलं कोण कसं आहे, थोडं सांगून ठेवा काकू," तो म्हणाला. "म्हणजे ऐन वेळी गोंधळ होत नाही."

आत्या सांगू लागली. भाऊ हसला की त्याचे डोळे पूर्ण मिटतात, म्हणून हसू ओसरेपर्यंत थांबायचं. मुलीच्या आईला कॅमेरा दिसला की ती लगेच काहीतरी काम काढते, म्हणून तिला न कळवता काढायचा. आणि खारू... खारू आधी डोळ्यांनी हसते, ओठ मागाहून येतात; त्या मधल्या क्षणाला तिच्याकडे बघणारं कुणी पाहिजे...

"हो हो, बघतो," तो मनापासून म्हणाला आणि वाजणारा फोन उचलायला वळला.

आणि त्याच्या त्या पाठीकडे बघता बघता आत्याला काहीतरी झालं. तिला त्या सज्जन, निरपराध माणसाचा चक्क मत्सर वाटला. तो मधला क्षण ह्याला दिसणार. आणि मी चांगले कपडे घालून एका खुर्चीवर बसून राहणार... आजवर कितीतरी गोष्टी हातातून गेल्या, तेव्हा असं पोटात तुटलं नव्हतं. मग ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी का तुटावं? आपण ह्या वयात लहान मुलासारखं एका वस्तूसाठी अडून बसलोय, ह्याची तिला लाज वाटली. पण लाज वाटूनही ते तुटणं काही थांबेना. त्यानं फोन ठेवल्यावर तिच्या तोंडून निघालं, "घरी विचारून कळवते." आणि ती तडक घराकडे वळली.

घरी पुढच्या खोलीत गणवेशांचे ढीग भिंतीकडे सरकवलेले होते. भावजय खिडकीशी बसून कशाची तरी तुरपाई करत होती.

"झालं सांगून?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही सांगितलं."

सुई थांबली. "का हो?"

"आधी मला एक सांग. मी काम बिघडवीन असं वाटतं ना तुला? वाटत असेल तर सरळ म्हण. वाईट वाटेल, पण सोसेन मी."

"बिघडवाल की. त्यात शंका कसली," भावजय म्हणाली. "कालच्या फोटोत मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसतेय. पण म्हणून नाही नको म्हटलं मी."

"मग?"

भावजय उठली. तिनं कपाट उघडून स्वतःच्या लग्नाचा जुना अल्बम काढला आणि आत्याच्या मांडीवर ठेवला.

"ह्यात तुम्ही कुठे आहात, दाखवा बरं मला."

आत्या पानं उलटत गेली. भाऊ, किती काटकुळा होता. आई. व्याही. नवरी. भावाचे मित्र... एका पानाशी तिचं बोट थांबलं.

"ही बघ मी."

"हे काय आहे?"

"कोपर."

दोघींनाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"एक कोपर," भावजय म्हणाली. "नवऱ्याची सख्खी मोठी बहीण, जिनं सगळं लग्न उभं केलं, तिचं आख्ख्या अल्बमात एक कोपर आहे, आणि तेही खुर्ची उचलताना. मी वर बसले होते ना वन्सं, मला सगळं दिसत होतं. तुम्ही नुसत्या धावत होतात. वाटायचं, कुणीतरी हिला हाताला धरून इथे बसवा... पण नवी नवरी, तोंड कुठे उघडणार? आणि पुढे तोंड उघडलं असतं, तर तुम्ही बसला असता आणि हे घरही खाली बसलं असतं. म्हणून मी गप्प राहिले, इतकी वर्षं. खारूच्या लग्नात तरी तुम्हाला कॅमेरा घेऊन ह्याच्या त्याच्या मागे धावताना मला बघायचं नाही. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. माझ्या शेजारी. रिकाम्या हातांनी."

असं म्हणून तिनं मघापासून शिवत असलेलं कापड उलगडलं. तो पोशाख होता. तिनं स्वतःसाठी घेतलेल्याच गर्द निळ्या रेशमाचा, तसाच, फक्त आत्याच्या मापाचा. माप कधी घेतलं कोण जाणे! इतकी वर्षं नुसतं बघूनच ते तिच्या हाताला ठाऊक झालं असावं.

आत्याच्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. जिला आपण परकी समजत आलो, ती ह्या खिडकीशी बसून इतकी वर्षं आपलं एक कोपर मनात जपत होती... आत्यानं तो पोशाख छातीशी धरला आणि ती रडली. आईच्या आजारपणानंतर बहुधा पहिल्यांदाच. भावजयीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. आत्यानं डोळे पुसून म्हणायचं, 'बरं, बसते तुझ्या शेजारी,' आणि सगळं गोड झालं असतं. तेच म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"मला नाही बसायचं गं," ती म्हणाली.

भावजय बघतच राहिली.

"तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि मी असं बोलतेय, मला कळतंय. पण मला विश्रांती नकोय. मानाची खुर्चीही नकोय. ते धावणं वेगळं होतं. ते कुणीतरी करायला हवं म्हणून मी केलं, आणि करताना मला काही वाटलंही नाही, ना सुख, ना दुःख. हे वेगळं आहे. हे..." तिला शब्द सापडेना. आयुष्यात कधी न वापरलेला शब्द होता तो. "हे मला हवंय. माझ्यासाठी. खारूसाठीसुद्धा नाही, खरं सांगू? मला बघायचंय. लग्नभर मला सगळ्यांकडे बघायचंय आणि कुणी मला विचारू नये, ताई, तू काय बघतेयस."

भावजयीनं आत्याच्या मांडीवरचा अल्बम मिटला. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला काही हवं असतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही हो वन्सं."

"माझ्या तरी कुठे आलं होतं?"

"फोटो हुकतील."

"हुकतील. काही नक्कीच हुकतील."

"माणसं नावं ठेवतील."

"तुला ठेवतील. मला कोण ओळखतं, मी तर कोपर आहे."

ह्यावर मात्र भावजयीला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. रडण्याचा आणि हसण्याचा असा काही गुंता झाला की आतून खारू धावत आली, आणि तिच्यामागोमाग ऑफिसातून नुकताच आलेला भाऊ दारात उभा राहिला. दोघींचे ओले चेहरे बघून तो घाबरला.

"काय झालं? स्टुडिओवाल्याचा फोन आला होता, काय ठरलं विचारत होता. काय सांगू त्याला?"

भावजय आत्याकडे बघत थांबली. मग खारूही बघू लागली. बहिणीच्या वतीनं आजवर सगळ्या गोष्टींना हो म्हणत आलेला भाऊही, काय होतंय ते नीट न कळूनही, बघू लागला.

"त्याला सांग," ती म्हणाली, "की तुमचं काम फार चांगलं आहे, पण आमच्याकडे फोटो मी काढणार आहे."

"पण ताई, तू कधी लग्न..."

"नाही काढलं. हे पहिलं."

भाऊ बायकोकडे वळला. बायकोनं मान हलवली. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "तू कधी काही मागितलं नाहीस मला," एवढंच तो म्हणाला आणि फोन करायला आत गेला. खारूनं आत्याच्या गळ्यात हात टाकले, तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ही बातमी होणाऱ्या नवऱ्याला सांगायला ती बाबांच्या मागोमाग पळाली.

खोलीत पुन्हा दोघीच उरल्या. भावजयीनं तो निळा पोशाख आत्याच्या हातातून घेतला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरून त्याची बाजूची शिवण निरखली. मग डब्यातून शिवण उसवायचं छोटं हत्यार काढून, इतक्या निगुतीनं घातलेले टाके ती एकेक करून उसवू लागली.

"अगं, काय करतेस?"

"बसायचा पोशाख म्हणून शिवला होता, बिनखिशाचा," भावजय म्हणाली. "कॅमेऱ्याचं तुमचं ते सटरफटर कुठे ठेवणार? खिसा कुठल्या बाजूला लावू, उजव्या की डाव्या?"

सवयीनं 'कुठलीही चालेल' असं आत्याच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"दोन्ही बाजूंना," ती म्हणाली.