कंदिलाजवळची पाल

आमच्या चिकूच्या वाडीत खोडाला नाक लावून कुणीतरी उभं होतं. मी चोर समजून ओरडले. तो माणूस दचकून वळला, तर चिखले गावचे सदानंद मास्तर! आमच्याच नात्यागोत्यातले, डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि वेड पालींचं.

“हळू... सालीखाली अंडी आहेत.”

पांढरी, वाटाण्याएवढी, दोनच.

“शी! पालीची?”

“दिवसभर ती इथं दडते. दिवे लागले की बाहेर. तिला पापण्या नसतात, जिभेनंच डोळे पुसते.”

“म्हणजे एकटक बघते?” मी विचारलं. “तुमच्यासारखी?”

मास्तर कानांपर्यंत लाल झाले. मी मात्र तेव्हाच पुरती फसले.

वर्षभर पाली दाखवायच्या निमित्तानं ते वाडीत येत राहिले. मनातलं बोलायला मात्र त्यांचं तोंड उघडेना... आणि एकोणसाठच्या वैशाखात बाबांनी माझं वाणगावला जमवलं.

साखरपुड्याला दिवेलागणीलाच गाव जमला. मास्तरही आले — कोपऱ्यात, मान खाली घालून. होणाऱ्या सासूबाई माझी ओटी भरायला पुढे झाल्या, आणि आढ्यावरून पाल थेट माझ्या डोक्यावर पडली.

“डोक्यावर पाल म्हणजे नवऱ्याच्या जिवावर!” मुलाची आत्या किंचाळली. पाहुणे पानाला हात न लावता निघून गेले. बाबा भिंतीला टेकून खालीच बसले. आता मला कोण करून घेणार? आणि खरंच कुणाच्या जिवावर आलं तर? मला हुंदका आवरेना.

मास्तर पुढे आले. “गोविंदराव, कंदिलावर किडे जमतात ना, त्या जागेसाठी वर दोन नर भांडत होते. हरला तो पडला. यात तुमच्या हिरकणीचा काय दोष?”

“शाळेतलं शाळेत ठेवा, मास्तर,” बाबा म्हणाले. “लोक ऐकायचे नाहीत.”

“मंगळाच्या मुलीला मंगळाचा मुलगा चालतो ना?”

“चालतो. मग?”

पाल पाटाखाली दडली होती. मास्तरांनी ती अलगद ओंजळीत घेतली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

“आता दोघांनाही सारखाच दोष. आता... द्याल मला?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “भीती नाही वाटत, पोरी?”

“वाटते,” मी म्हणाले. “पण यांच्यावाचून राहायची जास्त वाटते, बाबा.”

बाबांनी ओटीचा नारळ उचलला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पाल अजून त्यांच्या केसांतच होती.