विनीमावशीची राखण

चहा ओतून घ्या आणि गप ऐका. डोनल, दात काढू नकोस. फेस्टस वीस वर्षं माझ्या बोटीवर होता, थापा मारणारा गडी नव्हे तो.

आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? दफनभूमीत जो शेवटचा पुरला, त्यानं राखण करायची. तिथल्या तहानलेल्या जिवांना पाणी वाहायचं. पुढचं मढं आलं की त्याची सुटका. म्हणून तर एका दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या की फाटकाशी आधी पोचायला रेटारेटी होते.

फेस्टसची आई, विनीमावशी, समुद्राकडच्या जुन्या दफनभूमीत पुरली. पाच वर्षं झाली. तिथल्या क्रूस कोरलेल्या जुन्या दगडांवर फेस्टसचा भारी जीव. खड्डे खणताना फावडी लागून दगड फुटतात, म्हणून यानं कचेरीत खेटे घातले. मावशीनंतर तिथे एकही मढं आलं नव्हतं, तोच दुसऱ्या वर्षी पाटी लागली. दगड संरक्षित, यापुढे इथे दफन बंद. गावानं पाठ थोपटली. मावशीचं काय होणार, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या ऑक्टोबरची तेवीस तारीख, गुरुवार. रात्री सव्वादहाला तो दगडांचे फोटो काढायला गेला. झिजलेलं कोरीवकाम दिवसा दिसत नाही, अंधारात टॉर्च आडवी धरली की रेघ न् रेघ उठून दिसते. दोन दगड झाले. तिसऱ्यावर टॉर्च धरली. क्रूस उठला... आणि त्यावर सावली पडली.

टॉर्चपुढे कुणी नव्हतं.

मग कडी वाजली. बादलीची.

विनीमावशी. कमरेत वाकलेली. एक पाऊल... थांबली. बादली टेकवली.

"आई?"

"आलास होय रे? गावात कुणी मेलं नाही का?"

"मेली की. सात जणं..."

"मग इकडे का नाही आणलं कुणाला?"

फेस्टसनं बादलीकडे हात नेला.

"दे आई, मी घेतो."

"हात लावू नकोस, बाळा! कडी धरलीस की राखण तुझी."

पुढे गेलेला हात... फेस्टसनं मागे घेतला.

तिनं बादली उचलली. गेली.

हे सांगताना ढसाढसा रडला माझ्यापाशी. "दोन लहान पोरी आहेत रे घरात, मी काय करू?" त्यानं कचेरीत पुन्हा अर्ज केला. बंद ते बंद. आईला दुसरीकडे हलवतो म्हणाला, त्यालाही नकार. पाद्रीबुवा म्हणाले, प्रार्थना करा. करतोय बिचारा.

आणि त्या रात्रीनंतर, शुक्रवारी सकाळी त्यानं दार उघडलं. रात्रभर पाऊस नव्हता, सगळं अंगण ठणठणीत कोरडं. फक्त उंबऱ्यासमोरच्या फरशीवर बादली टेकवल्याचं ओलं वर्तुळ. बायकोनं पुसलं, पुन्हा उमटलं. वर राख टाकून झाली, शेगडी ठेवून झाली. परवाच्या रविवारी मी स्वतः गेलो, गुडघ्यावर बसून बोट लावलं.

ओलं आहे, पोरांनो. अजून.