डोहातली ठकठक

पिंपळाच्या पारावर गेरूची एकच रेघ.

डोहाच्या तळाशी कुजलेली पानं.

एका घराचा नुसता उंबरा. दार नाही, भिंत नाही.

ठक्.

हा आवाज यामिनीने पहिल्यांदा ऐकला तो शाळेच्या व्हरांड्यात, भर दुपारी. तो गाळ्याच्या पोटातून येत होता. गाळ्या म्हणजे नदीचा अभ्यास करायला गावात आलेला यंत्रमानव. नाव पोरांनी ठेवलेलं. सकाळीच त्याने डोहात पोकळ नळी खुपसून गाभा (थर न मोडता अखंड निघालेला गाळाचा लांब तुकडा) बाहेर काढला होता. आता त्याची सुई गाभ्यावरून, तळाकडून वर, सावकाश सरकत होती.

"काय वाजवतोयस रे?" यामिनीच्या वडिलांनी, अण्णांनी, विचारलं. त्यांच्या हाताला अजून आखणीची पांढरी फक्की लागलेली होती. गेल्या पावसाळ्यात घर वाहून गेलं, त्याच जागी त्यांनी नव्या घराची आखणी केली होती. उद्या पाया खोदायचा होता.

"तुमची तिळवी नदी," गाळ्या म्हणाला. "दर उन्हाळ्यात डोहात पानं पडतात. त्यांची काळी रेघ म्हणजे एक वर्ष. तिथे मी श्वास घेतो. हा डोह काठापलीकडे, नदीने सोडलेल्या जुन्या पात्रात आहे; एरवी नदी त्यात येत नाही. मोठा पूर आला तरच काठ ओलांडते आणि वाळू टाकून जाते. वाळू लागली की मी ठोकतो."

श्वास. श्वास. श्वास. कितीतरी श्वास. यामिनीला वाटलं, खाली कोणीतरी झोपलंय.

ठक्.

"हा माझ्या पणजोबांच्या आधीचा असणार," अण्णा हसले. "ऐकलंस ना यामे, मधे केवढा काळ गेला! आणि गेल्या साली आला तो शंभर वर्षांचा पूर. पंचनाम्याला आलेले साहेबच म्हणाले. आता शंभर वर्षं सुट्टी."

"सुट्टी नाही, अण्णा. पुनरावृत्तिकाल (तेवढा पूर पुन्हा येण्यामधला सरासरी काळ) शंभर वर्षं, म्हणजे कुठल्याही एका वर्षी शक्यता शंभरात एक. पिशवीत शंभर गुंजा. एक लाल, बाकी पांढऱ्या. डोळे मिटून एक काढायची, बघायची, परत टाकायची. यंदा लाल निघाली, तरी ती पिशवीतच असते."

श्वास, श्वास, ठक्. श्वास, ठक्.

यामिनीने पाय वर घेतले. कोणीतरी लांबून चालत येत होतं, आणि आता त्याने चाल वाढवली होती.

"इतकं लवकर लवकर का वाजतंय?"

"पिशवीत लाल गुंजा वाढल्यात. हवा तापली की जास्त बाष्प धरते, मग पाऊस एकदम कोसळतो. वरचे डोंगर उघडे झाले. पाणी मुरायच्या आत धावत सुटतं."

"मग आम्हाला कसं कळलं नाही?" अण्णा चिडले. "प्रत्येक पुराची रेघ ओढतो आम्ही पारावर!"

"किती रेघा आहेत?"

"एकच," यामिनी म्हणाली. "नवी ओढली की जुनी धुऊन टाकतात. दोन राहिल्या तर नदीला जिना मिळतो म्हणे."

 अण्णा हळूच म्हणाले, "म्हणजे किती वेळा आला, ते आम्हीच पुसत बसलो."

सुई गाभ्याच्या टोकाशी पोचली. ठक्. ठक्. मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

"पुढे?" यामिनी कुजबुजली.

"पुढचा गाळ अजून साचायचाय."

"अण्णा, मी त्या घरात झोपणार नाही."

"टेकावर बांधलं तर पाणी चढवायला पंप लागेल गं."

"मग लावा की!"

दिवस मावळायच्या आत अण्णांनी काठावरची आखणी पायाने मोडली आणि शाळेमागच्या टेकावर नवी फक्की टाकली. इथून पुढे पारावरची एकही रेघ पुसायची नाही, असं पोरांनी ठरवलं. रेघा साठल्या, की पुढच्या पोरांना नदीची बदललेली चाल नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

अण्णांच्या वडिलांनी काठावर पहिलं घर बांधलं, तेव्हा बांधकामाला लागणारी सगळी वाळू पाया खोदताना त्याच जागेत, पुराने टाकलेली, सापडली होती.