तीन जागी उसवलेली कादंबरी

बाइंडरकाकांचा गुडघा धरला, म्हणून त्या मंगळवारी वाचनालयातली फाटकी पुस्तकं न्यायला त्यांचा पुतण्या आला, आणि ग्रंथपाल बाईंच्या शांत आयुष्याची घडी विस्कटली. दाराशी छत्री झटकून तो टेबलापाशी आला, गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उचललं, कडेवरून अंगठा फिरवला आणि खुदकन हसला.

"हे बघा... तीनच जागी उसवलंय. जिभा छाटतात तिथे, माणसं उकळतात तिथे, आणि — तिसरं नको. बाकी पानं कोरी करकरीत! लोक आले, भयंकर तेवढं बघून गेले. यातल्या माणसांकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उद्याच्या भयाण जगाची ती कादंबरी तिचीच होती. टोपणनावाने, दोन वर्षं खपून लिहिलेली. वाचक दचकला पाहिजे या नादात माणसं रंगवायची राहूनच गेली, हे तिला छापील प्रत हातात आली त्याच दिवशी कळलं होतं.

"लेखकाला लाज वाटायला हवी," ती म्हणाली. वर हसलीसुद्धा!

काकांचा गुडघा बरा झाला, पण पुतण्याच येत राहिला. दर मंगळवारी.

"आज काही फाटलंय?"

"काहीच नाही."

"मग फाडू या का एखादं?"

ती हसायची, आणि तो गेला की स्वतःवरच चडफडायची. सांगावं तर हा तोंड फिरवेल. न सांगावं तर हा जिच्यात गुंतत चाललाय, ती बाईच खोटी.

सहाव्या मंगळवारी तो खिडकीशी रेंगाळला. "तुमच्याशी बोलताना बरं वाटतं. तुम्हाला आडपडदा नाही."

आता मात्र तिला राहवेना. "ती उसवलेली कादंबरी... माझी आहे."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, मी ती वाचलीच नव्हती... जिथे आपोआप उघडली, तेवढीच पानं —" कपाटातून ते पुस्तक काढून, मान खाली घालून तो निघून गेला.

पुढचा मंगळवार कोरडा गेला. ती दिवसभर दाराकडे बघत बसली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारी तो आला, दाढी वाढलेली, पुस्तक काखेत.

"सगळी वाचली. वाईट आहे."

"माहीत आहे," ती पुटपुटली.

"तो बहिरा परीट मात्र... त्याला एका ओळीत मारलंत! चार दिवस डोक्यातून जात नाही माझ्या. का मारलंत हो?"

"पुढे त्याचं काय करायचं, सुचलं नाही."

"वा! म्हणून जीव घ्यायचा?" तो खरोखर चिडला होता. तिच्या त्या परटासाठी आजवर कुणी चिडलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं, हात मात्र तिथेच राहिला, तिच्या हाताजवळ.

"कादंबरी नाही आवडली मला. तुम्ही आवडता."

"दोन्ही एकदमच सांगायचं होतं?"

"पहिलं खोटं बोललो असतो, तर दुसऱ्यावर तुमचा विश्वास बसला असता का?"

नाहीच बसला असता. आता बसला. तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला.