शिंक न आलेला माणूस

"टेबल तोंडवर काबर लायं? गिऱ्हाईक मझार कसं यी?"

मी दचकलेच. नंदुरबारच्या कृषी प्रदर्शनाचा मांडव, आदल्या दिवसाची संध्याकाळ, लाइट गेलेली. वाऱ्याने पांढरे पडदे आत-बाहेर होत होते... आणि पडद्याशी हा उभा! उंच, चेहऱ्यावर पांढरी पूड.

"मन्हा स्टॉल शे. मी मांडसू तसा!"

तो हसला. गालाला खळी पडली अन् मी मेली भांडणच विसरले.

"टेबल मांगे ले. पुढे तवावर ठेचा परत. लोकेसले पह्यले वास जाऊ दे, नाव मंग वाचतीन."

म्हणणं खरं होतं. आमच्या पथारीवर, म्हणजे उघड्या वाळवणाच्या मैदानात, वाळलेल्या मिरचीची पावडर मला विकायची होती. उद्या घाऊक व्यापारी येणार. एकानेही माल मागितला नाही, तर सुरतेच्या स्थळाला हो म्हणायचं, असं आप्पांशी ठरलेलं. मुकाट टेबल ओढलं, तर पिशवीच फुटली! लाल धुरळा उठला. पलीकडे झाडणाऱ्या तापीबाई शिंकून शिंकून बेजार झाल्या. हा मात्र... ढिम्म. नाकसुद्धा हललं नाही त्याचं.

तापीबाई पदर नाकाशी धरून आल्या. "कोनासंगे बोली ऱ्हायनी वं पोरी?"

"बाजूना स्टॉलवाला—"

मी वळले. नुसता पडदा हलत होता.

"तठे कोनी नही शे. सकाये फोटो टांगी ग्यात, बस."

त्या गेल्या. मी पडदा सारला. 'केळीचं पीठ' असा फलक, अन् खाली फोटो. तेच डोळे, तीच खळी... आणि वर चंदनाचा हार. अगं बाई! खरं सांगू? भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. इतका गोड माणूस, अन् हारात?

"आवडना का फोटो?"

अगदी मागून!

"तू... जित्ता शे ना?"

"हाई मी तुले इचारनार व्हतू." तो एक पाऊल मागेच सरला. "इतली मिरची उडनी, तू तरी कोठे शिंकनी? मी भ्याईसन बाहेर पयनू!"

"मी पथारीवर वाढेल शे. मले कसानी शिंक!"

"मन्ही माय बी पथारीवरच राबस. मी भूपेश, शहादाना. फोटो मन्हा आजाना शे, जुवानपने गया तो. अन् हाई तोंडले पीठ शे, केळीनं."

तरी मी हात पुढे केला. खात्री नको? त्याने धरला. ऊबदार होता... कोणीच सोडेना. मग त्याच हाताने त्याने पापणीवरचं पीठ पुसलं—

"अरे माय वं! डोया!"

माझ्या हाताची मिरची! तो नाचत होता, घळाघळा रडत होता, अन् मी पाणी ओतत हसत होते. भुताला कुठे मिरची झोंबते?

"तो हार काढ," मी म्हटलं. "गिऱ्हाईक भ्यास."

"काढसू. अन् दोन्ही स्टॉलना मझारला पडदा?"

"...तो बी."

दुसऱ्या दिवशी त्याचं पीठ, माझी मिरची, पुढेच भज्यांची कढई. वास मांडवभर. दोन व्यापारी माल मागून गेले. तेवढ्यात आप्पा आले, लाल डोळ्यांच्या भूपेशकडे बघत राहिले.

"हाऊ कोन?"

मी झारा खाली ठेवला अन् बोललेच—

"सुरतवालाले 'नही' सांगा, आप्पा. आपला घरमा हाऊच टिकी. पिशवीभर मिरची उडनी, पन हाऊ शिंकना नही."