बंद घरातला काटा

भोपळा तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा फौजदार चहात बिस्कीट बुडवत होते. आतल्या खोलीत धप्प असा आवाज झाला आणि पाठोपाठ नानांची हाक आली.

"जावईबापू, याला परत झालं."

बिस्कीट कपाच्या तळाशी गेलं ते गेलंच.

भोपळा म्हणजे घरचा कुत्रा. हे नाव त्याच्या घेरावरून पडलेलं. नानांच्या खुर्चीशेजारी, खाली घसरलेल्या टॉवेलवर तो आडवा झाला होता. तोंड सुजून उशीएवढं झालं होतं आणि डोळ्यांच्या जागी दोन फटी उरल्या होत्या. पुढ्यात ओकारीचं थारोळं होतं. फौजदारांनी त्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली. ती भिंतीच्या चुन्यासारखी पांढरी पडली होती.

"इंजेक्शन," ते म्हणाले. बायकोने डबा आधीच उघडला होता.

फौजदारांनी नोकरीत एकदा म्हणे पिसाळलेल्या रेड्याच्या शिंगाला बेडी घातली होती, आणि तेव्हाही ते गडबडले नव्हते. आज टोपण न काढताच सुई टेकवली. दुसऱ्या खेपेला ती मांडीत गेली. त्यांनी भोपळ्याला उचललं, तेव्हा त्याचं पोट हाताला ओलं लागलं. ओकलाय, आणखी काही केलं असेल, असं समजून त्यांनी हात शर्टाला पुसला आणि गाडी काढली. बायको शेजारी बसली, मागच्या सीटवर नाना, अनवाणीच. कुत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि दवाखाना येईपर्यंत ते एकच वाक्य पुटपुटत होते, "श्वास घे रे बाळा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, ऑक्सिजनचा मुखवटा चढवला, आणखी दोन सुया टोचल्या. बऱ्याच वेळाने भोपळ्याने शेपूट एकदा हलवली. मग बाईंनी त्याच्या पोटावरचे केस बाजूला केले, पत्र्याच्या पट्टीच्या कडेने काहीतरी खरवडलं आणि ते भिंगाखाली धरलं.

"हा पाहा काटा. मधमाशी."

"गांधीलमाशी नाही?"

"गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही. डसते आणि चालू लागते. मधमाशीचा काटा अडकतो आणि ती तिथेच मरते."

"पण बाई, घरात माशी शिरूच शकत नाही."

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात. तेव्हा काटा मांडीच्या आतल्या बाजूला होता." बाईंनी हातमोजे काढले. "हे बघा फौजदार, याला मधमाशीचं विष सोसत नाही, आणि दर वेळी झटका आधीपेक्षा मोठा येतोय. आज इंजेक्शन वेळेत मिळालं. पुढच्या वेळी मिळालं तरी उपयोग होईलच, असं मी सांगू शकत नाही. रात्रभर याला इथेच ठेवते. माशी घरात येते कुठून, ते तुम्ही शोधा."

घरी परतताना बायको खिडकीतून बाहेर पाहत बोलली.

"उद्या संध्याकाळपर्यंत सापडलं तर ठीक. नाही तर भोपळा ताईकडे जाईल. ती दहाव्या मजल्यावर राहते."

"ताईला कुत्रे आवडत नाहीत."

"तिला आवडत नसला तरी तिथे जिवंत राहील ना."

फौजदारांनी उगाच हॉर्न दाबला. निवृत्तीनंतर त्यांना साहेब म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांचा पायरव ऐकून उभा राहणारा या जगात तो एकटाच जीव होता.

आणि या जिवासाठी त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? पहिली माशी डसली ती अंगणात, नाकावर. भोपळाच तिला खायला गेला होता. त्या दिवसापासून फौजदारांनी घराचा तुरुंग केला. प्रत्येक खिडकीला जाळी बसवली, दाराला स्प्रिंग लावली. फुलझाडं मुळासकट उपटली. माश्या पाण्यावर येतात असं कळल्यावर पक्ष्यांच्या पाण्याची परळं, कुंड्यांखालच्या बशा, बादल्या, सगळं उपडं केलं आणि अंगणातल्या नळाची चावी काढून खिशात ठेवली. भोपळा पहाटे आणि अंधार पडल्यावरच बाहेर जाई, तोही फौजदारांच्या हातातल्या पट्ट्याला. शिवाय रोज दुपारचा चहा झाला की ते अंगणात आणि गच्चीवर गस्त घालत. एवढ्या बंदोबस्तात एखाद्या राजाला विषही मिळालं नसतं, पण भोपळ्याला काटा मिळाला होता, आणि तोही दोनदा.

घरी येताच त्यांनी जाळ्या तपासल्या. बोटाने चाचपल्या, बॅटरी मारून पाहिल्या, शेवटी नाक लावून हुंगल्यासुद्धा. एकाही जाळीला भोक नव्हतं.

"दार कोणी उघडं टाकलं होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमचं ते दार उघडं राहतं कुठे? पाऊल आत पडायच्या आधी मिटतं. माझी टाच सोलली त्याने."

"जेवणानंतर भोपळा कुठे होता?"

"नानांच्या खोलीत. तिथली फरशी गार असते."

"नाना बाहेर गेले होते?"

"नाना? गुडघ्यांमुळे ते फाटकापर्यंतसुद्धा येत नाहीत. काल पेपर घ्यायला मलाच पाठवलं."

फौजदार चिडून कुंपणापाशी गेले. पलीकडे व्हायोलिन मास्तर राहत. मास्तरांनी तारांवर गज टेकवला की भोपळा गळा काढी, त्यामुळे दोघांचं हाडवैर. शिवाय मास्तरांच्या ओसरीत फुलांच्या कुंड्या होत्या. संशयित कसा अगदी हवा तसा होता.

"मास्तर, तुमच्या कुंड्यांवर माश्या येतात?"

"यायच्या. हल्ली दुपारच्या फिरकत नाहीत. सगळा ताफा तुमच्याकडे असतो."

"आमच्याकडे ना फूल, ना पाण्याचा थेंब. कशाला येतील?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मला उलट तुमच्याविरुद्ध तक्रार करायचीय. भर दुपारी मी सूर लावायला बसतो आणि तुमच्या गच्चीवरून कोणीतरी गुणगुणतं. तेही बेसूर. एकच पट्टी धरून तासन् तास. माणसाने किती सहन करायचं?"

"आमच्या घरात कोणी गात नाही."

"मग तुमचे सासरे दुपारी वर काय करतात?"

फौजदार घरात परतले. सासऱ्यांची चौकशी ही मोठी अवघड गोष्ट. ज्या आवाजाने भिंतीवरची पाल शेपूट टाकून कबुलीजबाब देत असे, तो आवाज इथे वापरता येत नव्हता.

"नाना, राग मानू नका. दुपारी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. या वयात माणूस कुठे असणार?"

"गच्चीवर गेला होता?"

"टॉवेल वाळत घातला होता अंघोळीनंतर. तुमच्या चहाच्या जरा आधी आणला."

"वर गुणगुणत होता का?"

"मी?" नानांनी डोळे मोठे केले. "मी आयुष्यात न्हाणीघरातसुद्धा गायलो नाही."

"अहो," दारातून बायको म्हणाली, "माझ्या वडिलांचा जबाब घेताय का तुम्ही? कुत्र्याच्या ओकारीने त्यांचं धोतर भरलंय, आधी ते बदलू द्या. बिचाऱ्यांनी दुपारपासून पाणी घेतलं नाही."

फौजदार उठले. मारेकरी नाही, वाट नाही, हेतू नाही. आयुष्यात इतकी फजिती झाली नव्हती.

सकाळी त्यांनी रागारागाने कालचा शर्ट धुतला. बायकोने हात लावायला नकारच दिला होता. तो गच्चीवर पिळून टाकला आणि कठड्याच्या सावलीत पेपर उघडून बसले. ऊन असं होतं की कावळा उडता उडता भाजून खाली पडावा. अग्रलेख संपायच्या आत शर्ट पापुद्र्यासारखा कडकडीत झाला.

फौजदार शर्टाकडे पाहत राहिले. मग कठड्याकडे पाहिलं. मग पेपरची घडी न घालताच खाली आले आणि मास्तरांना चहाचं बोलावणं धाडलं.

दुपारी चहाच्या वेळेला बैठकीच्या खोलीत सगळे जमले. भोपळा दवाखान्यातून आला होता. अजून थोडा सुजलेला होता, पण मास्तरांना पाहून गुरगुरण्याइतका बरा होता.

"माशी स्वतः उडून आत आली नाही," फौजदारांनी सुरुवात केली. "ती उचलून आणली गेली."

"माझ्याकडे बघू नका," मास्तर म्हणाले. "मी तुमच्या उंबऱ्याला आज पहिल्यांदा पाय लावतोय."

"तुमच्याकडे नाही बघत. तुम्ही साक्षीदार. आता ऐका. कुत्रा माशी पकडायला जातो तेव्हा ती डसते तोंडावर. पहिली तशीच डसली. पुढच्या दोन डसल्या मांडीच्या आतल्या बाजूला आणि पोटावर. म्हणजे भोपळा तिच्यामागे गेला नाही, तिच्यावर बसला. तो बसला कशावर? टॉवेलवर. त्याला उचलला तेव्हा पोट ओलं होतं. मी मूर्ख, मला वाटलं ओकारी. पण ओकारी तर तोंडापुढे होती. ओला होता तो टॉवेल."

"टॉवेल ओला असायचाच," बायको म्हणाली.

"अंघोळीनंतर उन्हात टाकलेला? माझा शर्ट अग्रलेख संपायच्या आत वाळला. नानांचा टॉवेल चहापर्यंत ओला राहिला, कारण कोणीतरी त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतत होतं."

नाना कपाच्या कानाशी चाळा करू लागले.

"साऱ्या परिसरात मी पाण्याचा थेंब ठेवला नव्हता. ऐन उन्हाळ्यात एका गच्चीवर एक ओला टॉवेल. मास्तरांच्या कुंड्यांवरच्या माश्या गेल्या कुठे? आणि एकाच पट्टीत तासन् तास गुणगुणणारा तो बेसूर गवई कोण?"

"माश्या होत्या होय?" मास्तर म्हणाले. "तरीच श्वास घेत नव्हत्या."

"ज्या गुडघ्यांना फाटक लांब वाटतं, ते गुडघे दुपारभर जिना चढत होते." फौजदारांचा आवाज इथे खाली आला. "नाना, का?"

नानांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही परळं उपडी केलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नळाशी गेलो. कोरड्या तोटीला माश्या चिकटल्या होत्या. आत डोकं घालून चाटत होत्या. खाली कितीतरी मरून पडल्या होत्या. वाटीत पाणी ठेवलं तर बुडतात. ओल्या कापडावर बसून नीट पितात. माझ्या हातावरून चालत जातात, कधी डसल्या नाहीत."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मलाही जाळी बसवली असती."

बायकोला हसू आलं. ते तिने पदराआड घेतलं.

"पण तो ओलाच खाली का आणलात? उन्हात ठेवला असता तर वाळला असता, माश्या उडून गेल्या असत्या."

"तुमची गस्त असते ना चहानंतर. त्याच्या आधी आवरायला नको? झटकून, घडी करून आणायचो. हल्ली मला घडीतलं दिसत नाही." नाना थांबले. त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे सगळं त्यांच्या लक्षात आलं. "खुर्चीवर टाकायचो. तो ओढून घ्यायचा. गार लागतो म्हणून मी घेऊ द्यायचो. म्हणजे दोन्ही वेळा मीच."

नानांचा हात भोपळ्याच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच अडखळला, जणू आता त्या हाताला परवानगी नव्हती. भोपळ्याने मान उचलून स्वतःच डोकं त्या हाताखाली घातलं.

"तर हा झाला उलगडा," फौजदार म्हणाले. "आरोपी मिळाला."

"एकच?" बायकोने विचारलं. "पाणी कोणी बंद केलं? सगळ्या माश्या एका टॉवेलवर कोणी गोळा केल्या? कोणाच्या गस्तीच्या धाकाने तो ओला टॉवेल घरात आला? अहो, तुम्ही नुसते स्वस्थ बसला असता तर पहिल्या काट्यावरच भागलं असतं."

मास्तर कान टवकारून बसले होते. फौजदारांनी त्यांचा कप पुन्हा चहाने भरला.

तिने ताईला फोन लावला आणि सांगितलं की कुत्रा येत नाही. पलीकडून सुटकेचा सुस्कारा सगळ्या खोलीला ऐकू आला. डॉक्टरीणबाईंचा निरोप होता की पाणी माश्यांना द्याच, पण घरापासून लांब आणि कायम एकाच जागी, म्हणजे त्या इकडे येणार नाहीत. टॉवेल मात्र घरातल्याच दोरीवर वाळत घालायचे. इंजेक्शनं दोन ठेवायची, एक डब्यात, एक खिशात.

तेव्हापासून रोज भर दुपारी फौजदार अंगणाच्या टोकाला, पार कुंपणापाशी, पाणी आणि दगड घातलेल्या परातीजवळ उभे असतात. घामाने शर्ट पाठीला चिकटतो. नानांचे गुडघे दुखत असल्यामुळे ते झाडाखाली खुर्ची टाकून नुसता हुकूम सोडतात. घरात जाळीला नाक लावून भोपळा दोघांवर भुंकतो. दोन्ही आरोपी बाहेर मोकळे, आणि कोठडीत फिर्यादी. असला निकाल फौजदारांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"जावईबापू," नाना म्हणतात, "दगड जरा मधे सरकवा. त्यांना बसायला जागा पुरत नाही."

फौजदार दात खातात, वाकतात आणि दगड सरकवतात.